राजाचा वासा फिरला

परदेशवारीला निघताना बॅगेत काय आणि कसं भरावं, याबद्दल आपल्यापैकी प्रत्येकीचं एक शास्त्र ठरलेलं असतं. भाजणी कुठल्या डब्यात, मेतकुटाची पुडी कुठल्या साडीच्या घडीत, लोणच्याच्या बरणीवर किती प्लॅस्टिकच्या पिशव्या, हे आपण महिनाभर आधीच पक्कं करून ठेवतो. आणि मग विमानतळावर ढकलगाडीवर सामान रचायची वेळ आली, की घरातला कर्ता पुरुष पुढे होतो.

आमच्याकडेही तस्संच झालं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकाकडे स्वीडनला, स्टॉकहोमला गेलो होतो. ह्यांनी ढकलगाडीवर खाली दोन लहान बॅगा ठेवल्या आणि त्यांच्या डोक्यावर तेवीस किलोची मोठी. "अहो, जड खाली हवी," असं मी म्हटलं खरं, पण तोंडातल्या तोंडात. प्रवासानं हे आधीच वैतागलेले, त्यात मी कुठे भर घालू? बाहेर पडायच्या दारापाशी गाडी वळली आणि सगळा डोलारा एका उंचपुऱ्या पोलिसाच्या पायाशी कोसळला. बरणी वाचली. आमची अब्रू मात्र नाही.

ही घरगुती गोष्ट तुम्हाला सांगायचं कारण असं, की चारच दिवसांनी मी त्या शहरात एक जहाज पाहिलं, आणि त्याची कहाणी ऐकताना मला सारखी आमची ढकलगाडीच आठवत होती. फरक एवढाच, की ही गाडी ६९ मीटर लांब होती आणि ती रचायला सांगणारा कर्ता पुरुष साक्षात राजा होता.

स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेलं आहे. कुठेही जा, डावीकडे नाहीतर उजवीकडे पाणी दिसतंच. आम्ही ट्रामनं पाण्याकाठानं निघालो, एक पूल ओलांडला आणि यूरगोर्डन नावाच्या हिरव्यागार बेटावर उतरलो. झाडांच्या वर एका इमारतीच्या छपरातून चक्क तीन डोलकाठ्या बाहेर आलेल्या दिसल्या. तेच वासा जहाजाचं संग्रहालय.

हो, जहाजाचं नाव 'वासा'! आपल्याकडे वासा म्हणजे छपराचं लाकूड. तिथे ते राजघराण्याचं नाव, आणि त्या घराण्याचं चिन्ह म्हणजे धान्याची पेंढी. पण 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' ही म्हण मला तिकीट काढतानाच आठवली. आत शिरल्यावर कळलं, की इथे वासाच आधी फिरला होता.

बाहेरच्या लख्ख उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसतच नाही. लाकडाला उजेड आणि दमट हवा सोसत नाही, म्हणून आत अंधूक दिवे आणि गारवा. डोळे सरावले की समोर अंधारातून ते उभं राहतं. काळंभोर, चार-पाच मजली वाड्याएवढं, नक्षीनं भरलेलं. चित्र नव्हे, प्रतिकृती नव्हे. चारशे वर्षांपूर्वी सुतारांनी तासलेलं खरंखुरं जहाज, आणि त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त लाकूड अस्सल जुनं आहे. माझ्या तोंडून आपोआप "अगं बाई!" निघालं. शेजारच्या एक गोऱ्या आजीबाई माझ्याकडे बघून हसल्या. भाषा कळली नसेल, अर्थ कळला.

मागच्या बाजूची नक्षी तर आपल्या दक्षिणेकडच्या गोपुरांची आठवण करून देणारी. सिंह, देवदूत, रोमन सम्राट, जलपऱ्या. जहाजावर मिळून शेकडो कोरीव मूर्ती आहेत. आज सगळ्या काळपट दिसतात, पण रंगांचे कण तपासून तज्ज्ञांनी शोधून काढलंय, की त्या काळी हे सगळं लाल, हिरवं, पिवळं, सोनेरी असं झगझगीत रंगवलेलं होतं. आणि पुढच्या भागात एक गंमत आहे. स्वीडनचं तेव्हा पोलंडशी युद्ध चाललं होतं. म्हणून बाकाखाली अंग चोरून बसलेला एक पोलिश सरदार कोरून ठेवलाय. शत्रूचा असा पाणउतारा लाकडात कायमचा करून ठेवायचा! आता गंमत अशी, की पोलंडचा राजा सिगिस्मुंड हा स्वीडनच्या राजाचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे भाऊबंदकीच. आपल्याकडे बांधावरून होते, त्यांच्याकडे समुद्रावरून झाली.

तर गोष्ट अशी. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ. तरुण, शूर आणि सदा घाईत. १६२५ च्या सुरुवातीला त्यानं नव्या युद्धनौकांचं कंत्राट दिलं. घेणारा होता हेन्रिक हिबर्टसन, मूळचा हॉलंडचा अनुभवी जहाजबांधणीकार. या वासावर एकावर एक असे तोफांचे दोन मजले आणि ब्राँझच्या ६४ तोफा. एवढ्या जड तोफांचं जहाज त्या कारखान्यानं पूर्वी कधी बांधलेलं नव्हतं. राजा स्वतः परदेशी रणांगणावर, आणि तिथून पत्रं येत होती, की लवकर करा.

मध्येच हेन्रिक आजारी पडला आणि १६२७ च्या वसंतात वारला. जहाज अर्धवट. मग काम बंद पडलं का? तर नाही. त्याच्या बायकोनं, मार्गारेटा निल्सडॉटरनं, कंत्राट आपल्या अंगावर घेतलं. दुखवट्याचे दिवस, समोर राजाची घाई आणि हाताखाली सुमारे चारशे माणसांचा कारखाना! बांधकामाचं काम हेन्रिकचा मदतनीस हाइन याकबसन पाहत होता आणि अरेंट दे ग्रोते हा भागीदार व्यवहारात होता. पण लाकूड आणा, लोखंड आणा, मजुरी भागवा, राजदरबाराकडे पैशांचा तगादा लावा, ही जी नजरेत न भरणारी कामं असतात ना, त्यांतला मोठा वाटा या बाईंवर होता. ओकचं लाकूड देणाऱ्यांमध्येही एका मोठ्या जमीनदारीचा कारभार पाहणारी ब्रिटा बोट नावाची बाई होती. युद्धनौका म्हटली की आपल्याला मिशाळ सरदार आठवतात. या नौकेच्या हिशेबाच्या वह्यांत मात्र बायका सापडतात.

आता पुढचं वाचताना तुमच्या अंगावर काटा येईल.

१६२८ च्या उन्हाळ्यात जहाज पाण्यात धक्क्याला उभं होतं. ते डुगडुगतं अशी कुजबुज सुरू झाली होती. तेव्हा आरमारप्रमुख क्लास फ्लेमिंग याच्यासमोर एक चाचणी घेतली गेली. तीस माणसांना जहाजावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम पळायला लावलं. पहिल्यांदा जहाज हललं. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा एवढं कललं, की फ्लेमिंगनं चाचणी थांबवली; आणखी पळाले असते तर जहाज धक्क्यालाच आडवं झालं असतं!

मग? मग काही नाही. तिथे हजर असलेल्या एका नाविक अधिकाऱ्यानं नंतर चौकशीत सांगितलं, की फ्लेमिंग एवढंच म्हणाला, महाराज घरी असते तर बरं झालं असतं. म्हणजे जहाज निघू नये हे कळलं होतं, पण राजाला "नाही" लिहून कळवायचं कुणी? मला हे वाचताना आमच्या ढकलगाडीपाशी तोंडातल्या तोंडात बोललेली मीच आठवले. माझ्या न बोलण्यानं बॅगा पडल्या. त्याच्या न बोलण्यानं काय झालं, ते बघा.

१० ऑगस्ट १६२८. रविवार. उन्हाळ्याची छान संध्याकाळ. राजाचं नवं जहाज निघणार म्हणून सारं शहर किनाऱ्यावर लोटलेलं. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं. सुरुवातीचा पल्ला आपल्याच पाण्यातला, म्हणून खलाशांना बायकामुलं बरोबर घ्यायची मुभा होती. त्यांच्या दृष्टीनं ती एक सहलच म्हणा. वारा मंद. दहा शिडांपैकी चारच उभारली. खालच्या तोफांच्या खिडक्या सलामीसाठी उघड्या ठेवल्या होत्या.

टेकडीच्या आडोशातून बाहेर येताच वाऱ्याची एक झुळूक आली. जहाज कललं, सावरलं. पुढे गेल्यावर दुसरी झुळूक आली. या वेळी ते सावरलं नाही. खालच्या ओळीतल्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत घुसलं, आणि शिडं फडफडत, निशाणं मिरवत, सगळ्या शहरादेखत राजाचं वैभव तळाला गेलं. जन्माला आल्यापासून ते जेमतेम तेराशे मीटर चाललं होतं. आपण सकाळी देवळात जाऊन येतो, तेवढंही अंतर नाही. सुमारे तीस जण बुडाले.

असं का व्हावं? तिथे मोठमोठे तक्ते लावून समजावलंय, पण मी म्हणते, आपल्या आजीच्या माजघरातल्या उतरंडीकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं. सर्वांत मोठं, जड मडकं खाली. त्यावर त्याहून लहान. टोकाला चिमुकलं बोळकं. वासाची उतरंड उलटी होती. पाण्याच्या वरचा भाग फार उंच आणि जाडजूड लाकडाचा, त्यातून वरच्या मजल्यावरही खालच्याएवढ्याच जड तोफा. तळाला सुमारे १२० टन दगड भरले होते, पण ते अपुरे पडले. "मग आणखी भरायचे होते," असं हे लगेच म्हणाले. तीच तर मेख आहे! आणखी भरले असते तर जहाज इतकं खाली बसलं असतं, की खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकल्या असत्या. मडकंच चुकीचं घडलं होतं. आत काही भरून काय उपयोग?

आणखी एक गोष्ट तिथे काचेच्या पेटीत आहे, ती शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी जरूर ऐकावी. जहाजात सुतारांच्या चार मापपट्ट्या सापडल्या. दोन स्वीडनच्या फुटाच्या, बारा इंची. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची! एका बाहीला एक टेप आणि दुसऱ्या बाहीला दुसरी लावली तर पोलक्याचं काय होईल? जहाजाच्या दोन्ही बाजू मोजल्यावर त्या सारख्या भरल्या नाहीत, यात नवल ते काय.

मग रीतसर चौकशी बसली. कप्तानाला त्याच दिवशी पकडलं होतं. त्यानं शपथेवर सांगितलं, तोफा नीट बांधलेल्या होत्या. खलाशी म्हणाले, कुणी प्यायलेलं नव्हतं. जहाज बांधणारे म्हणाले, आम्ही मापं राजानं मंजूर केलेलीच घेतली. मुख्य बांधणारा तर वर्षापूर्वीच देवाघरी गेलेला. मग चूक कुणाची, असं विचारल्यावर दे ग्रोतेनं सांगून टाकलं, ते देवालाच ठाऊक. आता देवाला आणि राजाला शिक्षा कोण करणार? कुणालाच शिक्षा झाली नाही. फाईल बंद करण्याची ही युक्ती आपण समजतो तितकी अलीकडची नाही बरं का!

लोक जहाज विसरले, पण तोफांची किंमत विसरले नाहीत. १६६४ मध्ये पाणबुड्यांनी त्या काढायला सुरुवात केली, ती कशी, तर शिशाच्या मोठ्या घंटेत उभं राहून. रिकामा पेला बादलीत उपडा दाबला तर आत थोडी हवा अडकून राहते ना? तसंच. त्या अडकलेल्या हवेवर श्वास घेत, गोठवणाऱ्या पाण्यात, तीस मीटर खोल अंधारात चाचपडून त्यांनी पन्नासहून जास्त तोफा वर आणल्या! त्यांच्यासाठी मी मनोमन हात जोडले.

मग जवळजवळ तीनशे वर्षं शांत. १९५० च्या दशकात आंदेर्स फ्रान्झेन या इंजिनियरला या जहाजाचा ध्यास लागला. सुट्टीत होडी घेऊन तो गळ टाकून तळ चाचपायचा. वर काय यायचं? गंजक्या शेगड्या, बायकांच्या सायकली, नाताळची झाडं आणि मेलेली मांजरं! शहराची अडगळ कुठे जाते, याचाही इतिहास लिहिला पाहिजे. अखेर ऑगस्ट १९५६ मध्ये त्याच्या पोकळ हत्याराला काळ्या ओकचा एक तुकडा लागून आला. वासा सापडलं होतं.

ते इतकं शाबूत कसं राहिलं? समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, म्हणून तो तिथे जगत नाही. शिवाय शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं तिथेच सोडलेलं. त्यामुळे तळाच्या पाण्यात प्राणवायू उरला नव्हता आणि लाकूड कुजवणारे जीवही नव्हते. म्हणजे शहराच्या घाणीनं शहराचा ठेवा राखला. घर आवरलं नाही म्हणून कुणी नावं ठेवली, तर हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

पाणबुड्यांनी जहाजाच्या पोटाखालून चिखलात सहा बोगदे खणले. वर दगड भरलेलं अवजड धूड, खाली काळोखात एकटा माणूस. तरीही या कामात एकही जीव गेला नाही. बोगद्यांतून दोरखंड ओवले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, वासानं पाण्याबाहेर डोकं काढलं. टेलिव्हिजनवर सारा देश बघत होता. आणि जहाजावर काय सापडावं? पावो नुर्मी या फिनलंडच्या प्रसिद्ध धावपटूचा छोटा पुतळा! सतराव्या शतकात नुर्मी कुठला? फिनलंडच्या तंत्रविद्यालयातल्या पोरांनी गुपचूप बुडी मारून तो आधीच नेऊन ठेवला होता. कॉलेजची पोरं जगात कुठेही गेलात तरी सारखीच.

नंतरचं काम कंटाळवाणं आणि म्हणूनच मला फार मोठं वाटलं. लाकूड नुसतं वाळू दिलं असतं तर तडकून चुरा झाला असता. म्हणून त्यावर पॉलिएथिलिन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ पाण्यातून फवारत राहिले. किती दिवस? सतरा वर्षं! आपल्या तोंडाला लावायच्या क्रीममध्येही हा पदार्थ असतो. मग आणखी नऊ वर्षं हळूहळू वाळवणं. १९९० मध्ये आजचं संग्रहालय उघडलं. त्यानंतरही गंजणारे हजारो लोखंडी बोल्ट काढून नवे बसवावे लागले. मुरांब्यासारखं आहे हे. घातला आणि विसरलात, असं चालत नाही.

पण मैत्रिणींनो, मला घरी येऊनही जे आठवत राहतं ते हे काही नाही. वरच्या तोफा नाहीत, नक्षी नाही. एक लाकडी पेटी आहे तिथे, कुणा खलाशाची. उघडली तेव्हा सगळ्यांत वर त्याची टोपी, चुरगळू नये म्हणून ठेवलेली. खाली हातमोजे, जोडे, सुईदोऱ्याचं सामान, थोडी नाणी. कुणीतरी ती घरून भरून दिली असावी अशीच रचलेली. शेजारी सोंगट्यांसारखा एक पट आणि लाकडी वाडगे, चमचे. संसार, दुसरं काय.

आणि खालच्या मजल्यावर ती माणसं. जहाजात सापडलेल्या सांगाड्यांना संशोधकांनी अक्षरं दिली आणि अक्षरांवरून नावं. ए चा आडाम, बी ची बेआटा. असा एक जी होता, त्याचं नाव गुस्ताव. कितीतरी वर्षं तो पुरुष म्हणून गणला गेला. युद्धनौकेवर सापडला, मग पुरुषच असणार ना! पुढे शंका आली, हाडांतल्या जनुकांची तपासणी झाली आणि २०२३ मध्ये पक्कं ठरलं, की गुस्ताव हा गुस्ताव नव्हेच. ती एक स्त्री होती, तिशीच्या आसपासची. संग्रहालयानं तिला गेर्ट्रूड असं नवं नाव दिलं. तिच्या कवटीवरून एका कलाकारानं तिचा चेहराही घडवला आहे.

मी त्या चेहऱ्यासमोर बराच वेळ उभी होते. धुणं टाकून, दार ओढून, "येते गं संध्याकाळपर्यंत," असं शेजारणीला सांगून निघालेली बाई दिसते ना, तशी ती वाटली. चाचणीत जहाज कललं होतं, हे तिला कुणी सांगितलं असेल का?

तेवढ्यात हे मागून आले. चष्मा वर करून त्यांनी पाटी सावकाश वाचली, पुन्हा एकदा वाचली आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "हिचे यजमान कोण होते?"

"त्यांचं नाव सापडलेलं नाही," मी म्हटलं.

हे काही बोलले नाहीत. आम्ही वर जाऊन कॉफी घेतली. ट्रे मात्र त्यांनी माझ्याकडे दिला, म्हणाले, तूच ठेव नीट.